शालनने हयातीत केलेली वाटणी

मोखाड्याच्या बाजारात सुकट घेत होते, तेव्हा शालनच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. "मावशी, आई गेली…" सुकट तशीच सोडून मी साखरशेतची जीप पकडली. आम्ही दोघी जामसरच्या शाळेत शिक्षिका, वर्षानुवर्षं एका बाकावर बसून डबे खाल्ले होते. रडू यायला हवं होतं, आणि आलंही. पण त्या घरात पाऊल टाकल्यावर रडण्याआधी काही वेगळंच खुपलं. आज सव्वा महिना झाला, तरी ते खुपतंच आहे. तो हेवा आहे.

शालनने चाळिशीतच मृत्युपत्राचा विषय काढला, तेव्हा सगळी शाळा हसली होती. तिच्या लहानपणी वडील अचानक गेले आणि चुलत्यांनी तिच्या आईला दोन पोरींसकट घराबाहेर काढलं होतं. कागदावर काहीच नव्हतं. "माझ्या पोरांवर ती वेळ नको," एवढंच ती म्हणायची. स्वतःच्या पगारातून बांधलेलं जव्हारचं घर तिने सुनीताच्या नावे लिहिलं. नवऱ्याने, बबनरावांनी, साखरशेतची जमीन तिथल्या घरासकट दोन्ही मुलग्यांना दिली. घर असो की शेत, दोघांपैकी मागे राहील त्याने शेवटपर्यंत तिथे राहायचं, हेही लिहिलं. साक्षीदार म्हणून सही माझी. त्या संध्याकाळी मी घरी येऊन यांना म्हटलं, आपणही करू या. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मला मारायची एवढी घाई झालीय का तुला?"

कागद करून शालन थांबली नाही. तिने तिन्ही मुलांना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. थोरला मुलगा किसन उसळला. "ताईचं लग्न लावून दिलं ना? मग तिला घर कशाला?" तो भाताच्या लावणीभर आईच्या हातचं जेवला नाही. मी तिला म्हटलं, कशाला विकतचं दुखणं घेतलंस? ती म्हणाली, "अगं, भांडायचं असेल तर मी आहे तोवर भांडू देत. मग कोणाला विचारतील?" तिने किसनचंही ऐकून घेतलं. विहीर त्याने एकट्याने खणली होती, म्हणून विहिरीकडचा तुकडा त्याला मिळाला. घराचं मात्र तिने बदललं नाही. पुढच्या दिवाळीला किसन स्वतः जाऊन बहिणीला घेऊन आला.

हे गेले ते बोलता बोलता, खुर्चीतच. तेरावं उरकलं त्या दिवशी माझ्या मुलाने घर विकायची गोष्ट काढली आणि मुलगी वाटा मागू लागली. यांच्या मनात काय होतं, हे दोघंही छातीठोकपणे सांगत होते, आणि दोघांचं वेगवेगळं होतं. आता भाऊबहीण एकमेकांच्या दारात जात नाहीत. त्या भांडणात मुलाने मला विचारलं, "आई, तू आता कोणाकडे राहणार?" माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे उभं राहून विचारलं.

शालनच्या कार्याला मी दिवसभर कान देऊन बसले होते. वाटलं, आता कोणीतरी बबनरावांना हेच विचारेल. खरं सांगते, विचारावं असंही वाटलं… माझं एकटीचंच असं झालं नाही, एवढं तरी कळलं असतं. कोणी विचारलं नाही. तिघं भावंडं ओटीवर एका सतरंजीवर बसून आईच्या आठवणी काढत होती, मध्येच हसतही होती.

निघताना किसन चहा करायला उठला. शालन बुटकी, म्हणून चुलीजवळची फळी तिने तिच्या हाताला येईल अशी खाली ठोकून घेतली होती. ताडमाड किसन कमरेत वाकून साखरेचा डबा काढत होता.

"वर घे की रे ती फळी," मी म्हटलं.

"राहू दे मावशी. आईने लावलीय."

त्याने वाकूनच डबा परत ठेवला. चहा चांगला झाला होता, पण मला तो संपवता आला नाही.