वळच्या खळ्यावर उंदरांच्या मागे

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्याहून रोज भिवंडीला एका यंत्रमाग कारखान्यात कारकुनी करायला जायचो. तिथे माझे दोन दोस्त. अनंत जॉबर, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करणारा, जवळच्याच वळ गावचा. रफिक यूपीहून आलेला विणकर. शुक्रवारी माग बंद, म्हणून गुरुवारी संध्याकाळी चहावर आमचे बेत शिजायचे.

त्या गुरुवारी अनंत गप्प होता. खोदून विचारल्यावर बोलला. खळ्यावर भाताच्या भाऱ्यांची उडवी रचून झाली होती, झोडणी व्हायची होती, आणि उडवीत उंदीर माजले होते. वडिलांनी विषारी गोळ्या आणून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी अशाच गोळ्यांनी घरचा कुत्रा गेला होता, त्यामुळे आईने नवऱ्याशी बोलणंच टाकलं होतं. आठवडा झाला, दोघांचे निरोप अनंत पोचवत होता. शेवटी वडील म्हणाले होते, शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत तुम्ही काय ते करा, नाहीतर शनिवारी मी गोळ्या टाकणार.

मी लगेच सांगून टाकलं की माझ्या मामाकडे छऱ्याची बंदूक आहे आणि माझा नेम चांगला आहे. बंदुकीचं खरं होतं.

सकाळी ठाण्याहून भिवंडीची पहिली लाल बस पकडली. बंदूक चादरीत गुंडाळली होती, पण कंडक्टरच्या नजरेतून काही सुटत नाही. त्याने नळी खाली करून धरायला सांगितली, तिकीट फाडलं, आणि कशेळीचा पूल येईपर्यंत मला आपल्या गावच्या रानडुकरांबद्दल ऐकवलं. खाडीवर धुकं होतं, खिडकीतून मिठागरांचा खारट वारा येत होता. काल्हेरला उतरलो. तेव्हा तिथे भातशेती होती आणि चहाची एक टपरी. अनंत आणि रफिक एकाच सायकलवर आले. तिथून कापलेल्या शेतांतून, बांधाबांधाने वळपर्यंत मजेत चालत गेलो. रस्त्यापेक्षा ती वाट छान होती, फक्त चपला घालून जायचं नाही, धसकटं टोचायची.

अनंताचे वडील, आमचे काका, खळ्याच्या कडेला बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी आधी बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्या नव्या कोऱ्या बेलबॉटमकडे. अनंताच्या आईने, म्हणजे काकूंनी, सुंभाचे तुकडे आणून दिले, पॅंटचे पाय खाली बांधून घ्या म्हणाल्या. अनंत आणि रफिकने ऐकलं. मी म्हटलं, इस्त्री मोडेल.

पद्धत सोपी होती. एकाने उडवीचा भारा उचलायचा, उंदीर पळाला की दुसऱ्याने बंदूक झाडायची. नेम फक्त मातीच्या बांधाकडे, आणि मध्ये कोणी उभं राहायचं नाही. पहिला मान माझा. मी बांधाला छर्रे मारले, तुळशीमागच्या घमेल्याला एक मारला. घमेलं इतकं छान वाजलं की काकूंनी पदर तोंडाला लावला. मग रफिक गोणपाटावर पोटावर झोपला. गावच्या जत्रेत तो फुगे फोडायचा, हे त्याने आजवर सांगितलंच नव्हतं.

"साँस रोकने का, फिर दबाने का," तो मला म्हणाला, आणि एका दमात तीन उंदीर आडवे केले.

दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटाची चटणी. त्याआधी काकूंनी तिघांनाही साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. हसून हसून घास गिळवत नव्हता.

जेवणानंतर पंचाईत झाली. छऱ्यांची डबी माझ्या हातून विहिरीत पडली. ऊन कलू लागलं होतं आणि उडवीखालची बिळं तशीच होती. अनंताचा चेहरा उतरला. तेव्हा काकूच पदर खोचून उठल्या. एका बिळात हंडाभर पाणी ओता, दुसरीकडून निघतील, म्हणाल्या. आम्ही काठ्या घेतल्या. हंडे रिकामे होत गेले, उंदीर सुटत गेले, काठ्या एकमेकांवर आपटू लागल्या. इतक्यात एक उंदीर सरळ माझ्या बेलबॉटममध्ये शिरला.

मी काय केलं ते मला आठवत नाही. अनंत म्हणतो, मी खळ्याला दोन फेऱ्या घातल्या आणि तिसरीत नाचलो. शेवटी काका धावत आले, माझा पाय मांडीपाशी दोन्ही हातांनी आवळला, उंदीर खाली सटकला, आणि आम्ही दोघं चिखलात बसलो. काकांनी माझ्या पॅंटकडे पाहिलं. मग हसायला लागले. काकू हंडा टाकून हसायला लागल्या, आणि दोघांना एकमेकांकडे बघून जास्तच हसू येऊ लागलं.

बिळं खणली तर आत लोंब्यांचा साठा निघाला, चांगलं सूपभर भात. काकांनी ते सूप स्वतः काकूंपुढे ठेवलं.

"त्या गोल्या पुरून टाक," ते म्हणाले. "आता गरज न्हाय."

"तुमीच पुरा," काकू म्हणाल्या. "तुमीच आनल्यात."

आम्ही निघालो तेव्हा काका मागे खड्डा खणत होते आणि काकू शेजारी उभ्या राहून आणखी खोल म्हणत होत्या.

घरी आईने मला दारातच थांबवलं, अंगावर पाणी ओतलं, मगच आत घेतलं. किती मारलेस, तिने विचारलं. एकही नाही, मी म्हटलं, आणि पुन्हा हसू फुटलं.

आज काल्हेर ते वळ गोदामंच गोदामं आहेत. ते खळं कुठल्या गोदामाखाली गेलं, मला सांगता येणार नाही. बंदूक मी पुन्हा हातात धरली नाही, वळला मात्र जात राहिलो. अनंताच्या मुलीच्या लग्नात काका काठी टेकत आले आणि त्यांनी मला व्याह्यांपुढे उभं केलं.

"ह्यो आमचा ठान्याचा पावना," ते म्हणाले. "याच्या तंगडीत उंदीर शिरला व्हता."

मांडवातल्या बायकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. मग मला नाचून दाखवावंच लागलं.