मिहानमध्ये उजाडलेली मेक्सिकोची सकाळ

सन दोन हजार चोवीस. वय एकाहत्तर, शिक्षण तिसरी. कुहीहून एसटीत बसलो तो नात पल्लवीला परत आणायला. होणारे व्याही म्हणाले होते, “आमची सून परक्यांशी फोनवर बोलणार नाही. नोकरी सोडू द्या, मग तारीख धरू.” मीही मान डोलावून बसलो होतो.

वाटेत बस बंद पडली. मी धक्का मारला आणि पंचविशीतल्या पोट्ट्यांनी (पोरांनी) माझा फोटो काढला. प्रगती म्हणतात ती हीच.

नागपूरजवळचं कंपन्यांचं मिहान म्हणजे रुंद रस्ते, काचेच्या इमारती आणि चहाची एक टपरी दिसेल तर शपथ. जवळच पल्लवीची खोली. तिने वांग्याची भाजी वाढली, अळणी.

“लक्ष कुठं आहे वं?”

“आबा, आज साहेब माझे फोन ऐकून राहिले. अजून एक तक्रार आली तर काढतीन मले.”

म्हटलं, बरं झालं, माझं काम साहेबच करेल.

संध्याकाळी ती खोलीतूनच कामाला बसली, फोन स्पीकरवर ठेवून मला हळूच अर्थ सांगत. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या हॉटेलच्या तक्रारी सोडवायच्या. पहिला म्हातारा मेक्सिकोचा, तिकडे सकाळ. “कोमो आमानेसिओ?” (सकाळ कशी उजाडली?) त्याने विचारलं. पोरगी म्हणाली, “दीगामे” (बोला). त्याने फोनच ठेवला.

“काहून ठेवला गा त्यानं? क्लासमध्ये तर स्पेनच्या मॅडमनं असंच शिकवलं!”

“तो तब्येत पुसते अन् तू काम पुसतं! दारातल्या पाहुण्याले पाणी तरी देशील का नाही? मीबी ठेवला असता.”

तिने पुन्हा लावला. आधी त्याची सकाळ विचारली. मग गुडघा निघाला, सून निघाली, शेवटी हॉटेल. म्हातारा आशीर्वाद देऊनच थांबला.

पुढची बाई स्पेनची. तिचीही तब्येत विचारली, तर खेकसली, “दीमे, दीमे!” (बोल, बोल!)

“हे तं पुण्याचे दिसून राहिले,” मी म्हटलं.

पल्लवी हसली. “अर्जेंटिनावाले बोलता बोलता ‘चे’ लावतात, आबा. आपलं ‘गा’च समजा.”

म्हणजे नागपूर तिकडेही आहे.

तेवढ्यात साहेबाचा फोन आला. उद्यापासून मेक्सिको हिच्याकडे. फोन ठेवून, मी कशाला आलो ते ओळखून ती हळूच म्हणाली, “बॅग भरू का, आबा?”

भाषा एक, देशागणिक रीत वेगळी, आणि ही पोरगी खोलीत बसून सगळ्यांचं मन राखते. तिने बोलूच नये, हे ठरवणारा कोण, तर कालपर्यंत कुहीच्या पलीकडे न गेलेला मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांना फोन लावला. ते तब्येत विचारू लागले, धानाचं विचारू लागले. मी स्पेनच्या बाईसारखा थेट कामावरच आलो.

“पोरगी नोकरी सोडत नाही. पसंत असंन तर तारीख धरा. बोला.”