घुमट्यावरची काठी

शेवंतीला तोंडावर विधवा म्हणायला कोणी धजत नसे. तिचा नवरा सत्यवान घुमट्या डोंगराच्या माथ्यावर, तिच्या डोळ्यांदेखत जमिनीत गेला, त्याला दहा वर्षं झाली होती. वरचा जांभा दिसतो दणकट, पण खालची माती पाण्याने वाहून जाते आणि दगडाचा पापुद्रा तेवढा उरतो. प्रेत काही मिळालं नाही. बाई मात्र कपाळभर कुंकू लावून वेंगुर्ल्याच्या वैद्याला कुड्याची साल विकायला जायची. लोक पाठीमागे नाकं मुरडायचे. लोकांना दुसरं काम काय असतं!

भाद्रपदात माथा धुक्यात बुडाला आणि तेरड्याखाली पायवाट गडप झाली, की साल काढायला वर जायची छाती एकट्या शेवंतीची. ती काठी दोनदा आपटून कान देई. जमीन भरीव असली तर आवाज तिथेच विरे. पोकळ असली तर खालून दोन ठोके येत. ते सत्यवानाचे, अशी तिची खात्री होती. कुंकू त्याच भरवशावर होतं.

१९५८ साली दगड तपासायला एक साहेब आला. वाट दाखवायला शेवंतीच होती. माथ्यावर खालून ठोके आले तशी ती थांबली.

"हय पाय घालू नकात, सायबानू. माझो घोव सांगता."

साहेब सज्जन होता, तेच वाईट झालं. त्याने हातोडीने तीन ठोके मारले, तीन आले. पाच मारले, पाच आले.

"बाई, खाली पोकळी आहे. तुमच्याच काठीचा आवाज परत येतो."

संध्याकाळी शेवंतीने विहिरीवर कुंकू पुसलं आणि दहा वर्षांचं रडू एकदम रडली. अजून आठवलं की जीव तुटतो.

पुढच्या भाद्रपदात ती पुन्हा वर गेली. पोट थोडंच ऐकतंय. धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. पण काठी आपटायला हात उठेना. रित्या भोकाला विचारायचं काय? काठी काखेत मारून ती सवयीने चालू लागली.

पायाखालून दोन ठोके आले.

ती जागीच थबकली. वाकून पुढे चाचपलं. बोटांना ओलं गवत लागलं, मग दगडाची ताजी कड, आणि पुढे नुसती गार हवा. गेल्या वर्षी तिथे वाट होती.

"आसात मां हय?" तिने विचारलं. खालून काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर आली ती कपाळभर कुंकू लावून. बायका बघत राहिल्या. शेवटी त्यांतल्या यशोदेने विचारलंच.

कळशी भरता भरता शेवंती म्हणाली, "काल मी काठी आपटूक नाय."