सुदानची आंबट भाकरी

माझा नवरा फौजेत आहे. शांतिसेनेच्या तुकडीबरोबर तो दक्षिण सुदानला गेला, तेव्हा मी आणि सासूबाई सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई मूळच्या करकंबच्या. शहरात त्यांचं मन लागायचं नाही, पण मी एकटी पडेन म्हणून राहिल्या होत्या.

सुरुवातीला त्याच्या फोनमध्ये खाण्याशिवाय दुसरा विषय नसायचा. "भात खाऊन कंटाळा आलाय गं. कडक भाकरी पाठव. शेंगाची चटणी पाठव." सुट्टी संपवून परत निघालेल्या एका जवानाबरोबर मी डबा दिला. चटणी नीट पोचली, भाकरीचा पार भुगा झाला होता. तो भुगा त्याने चमच्याने खाल्ला, आणि खाताना मला फोनवर दाखवला.

मग एकदम त्याचं मागणं थांबलं.

"आता कशाला? हितं एक म्हातारी हाय," तो म्हणाला. "जोंधळ्याचंच करती, पण आंबवून. कागदासारखी पातळ भाकरी. किसरा म्हणत्यात."

मला बरंच वाटलं. परमुलखात का होईना, कुणीतरी त्याला जोंधळा खाऊ घालत होतं.

वर्ष संपलं, तो घरी आला. पहिल्या दिवशी मी हुलग्याची शेंगोळी केली, गरम भाकरी केली, ठेचा केला. त्याने अर्धी भाकरी मोडली आणि ताटाकडे बघत बसून राहिला.

"आंबट काय न्हाय का?"

मी दही वाढलं.

"ते न्हवं."

पुढचे कित्येक दिवस तो ती चव शोधत हिंडला. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू खाणावळींत जाऊन आंबट डोसे खाऊन आला. आमच्या शेजारीण अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड बोलतात. त्यांनी ज्वारीची आंबील दिली. ती पिऊन तो म्हणाला, "जवळ हाय, पण ती न्हवं." दुपारी दोनच्या सुमाराला चटईवर मांडी घालून बसायचा. समोर ताट नसायचं, तरी जबडा हळूहळू हलत असायचा, घास चावल्यासारखा. हाक मारली की थांबायचा. आपण काय करत होतो हे त्याला ठाऊक नसायचं.

सासूबाई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "पोटात कोनतरी उपाशी शिरलंय त्याच्या. पोराची भूक न्हाय ही."

मी त्यांना गप्प केलं. पण त्या दिवशी चहा देताना त्याला सरळ विचारलं, "अहो, त्या म्हातारीचं काय झालं?"

त्याने कप खाली ठेवला.

"रस्त्याकडच्या गावात ती ऱ्हायची," तो म्हणाला. "आमची गस्त तितं पाण्याच्या पंपापाशी थांबायची. भाकरीच्या वासानं मी तिच्या झोपडीपाशी गेलो, तिनं दिली. मग दर खेपेला द्यायची. तिची भाषा मला येत न्हाय, माझी तिला न्हाय. शेवटच्या खेपेला तिनं डोक्यावर आभाळात, ऊन येतं तितं बोट दाखवलं, मग माझ्या तोंडाकडं. म्हंजे दुपारी जेवायला ये."

"मग गेलात?"

"पुढच्या गस्तीला गेलो. गावात कोन नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हंजे कोनच नव्हतं. माणूस न्हाय, शेरडू न्हाय, कुत्रं न्हाय. मारामारीची खूण न्हाय, राख न्हाय, रगात न्हाय. दुभाष्या म्हणाला, नदीपल्याड गेली असतील. पण तिच्या चुलीत इंगळ होता. झोपडीत टोपलीखाली भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या, घडी घालून. एका माणसापुरत्या. हात लावला तर गरम."

"मग तुम्ही काय केलंत?"

"जेवलो," तो म्हणाला. "बोलावलं होतं की तिनं. बाकीचे बाहेरून वरडत होते, खाऊ नको म्हणून. मी सगळं संपवलं, भांडं धुऊन पालथं घातलं. जेवताना सारखं वाटत होतं, कोनतरी बसलंय समोर आणि बघतंय, पुरतंय का न्हाय ते."

त्यानंतर ते गाव पुन्हा वसलेलं त्याला दिसलं नाही.

मी ठरवलं, ती भाकरी घरीच करायची. ज्वारीचं पीठ पातळ कालवून शेजारणीकडच्या आंबिलीचं विरजण घातलं आणि तीन दिवस झाकून ठेवलं. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आंबलंय की लई. टाकून दे." मी टाकलं नाही. म्हातारी ताडाच्या पानाने पीठ पसरायची, असं तो म्हणाला होता. घरात ताडाचा जुना हातपंखा होता, त्याचा तुकडा कापून घेतला. पहिल्या दोन भाकऱ्या तव्याला चिकटल्या. तिसरी पसरताना माझा हात आपोआप फिरला, कडेने, मग मध्ये, आणि पापुद्रा सुटून आला.

त्याने घास घेतला आणि डोळे मिटले. "व्हय. हीच."

चार भाकऱ्या खाऊन तो तिथेच आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत झोपला. उठल्यावर म्हणाला, "आता शेंगोळी कर की." तेव्हापासून त्याने किसऱ्याचं नाव काढलं नाही. सुट्टी संपली आणि तो पलटणीत परत गेला.

आणि मला भूक लागायला लागली.

सकाळी पोटभर जेवलेली असले तरी दुपारी दोनला तोंडाला पाणी सुटायचं, त्याच आंबट चवीसाठी. मी रोज पीठ भिजवायला लागले. काही दिवसांनी वाटलं, याच्याबरोबर नुसता ठेचा बरा लागत नाही. बाजारातून भेंडी आणली, चिरून गच्चीवर वाळवली, कुटून तिची पूड केली आणि पाण्यात शिजवून बुळबुळीत कालवण केलं. आमच्या घरात भेंडी अशी कधी कुणी केली नव्हती. पहिल्या घासाला मला रडूच आलं, का ते कळलं नाही.

नवऱ्याचा फोन आला. "काय जेवलीस?"

मी सांगितलं.

 

"भेंडीचं तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. सहज केलं."

"टोपलीखाली भाकरीशेजारी वाटी होती," तो हळू म्हणाला. "तेच होतं तिच्यात. वाळल्या भेंडीचं. मी हे कुनालाच बोललो न्हवतो. तुला बी न्हाय."

पुढच्या सुट्टीला तो आला, तेव्हा पिठाचा वासही त्याला सहन होईना. उलटी येते म्हणून खिडकीपाशी जाऊन बसायचा. आता मी एकटीच खाते. सासूबाई करकंबला निघून गेल्या.

खाण्याचं मला आता काही वाटत नाही. अंगवळणी पडलं आहे. भीती वाटते ती वेगळीच. हल्ली भाकऱ्या झाल्या की मी एका माणसापुरत्या बाजूला घडी घालून झाकून ठेवते, आणि कुणाला तरी जेवायला बोलवायला म्हणून जिन्यापर्यंत जाते. तिथे उभी राहते. कुणाला बोलवायचं होतं, ते मात्र आठवत नाही.