पेल्यातल्या कळ्या

ऑर्किडचा फुलांचा दांडा काठीला बांधायचा तो दुपारी, जरा मऊ पडल्यावर. सकाळी पाणी पिऊन तो ताठ झालेला असतो, हे बाबांनी मला कितीदा सांगितलं होतं. पंधरवड्यापूर्वी मी सकाळीच बांधायला गेले आणि तो हातातच कट्कन मोडला. आतून, अंथरुणाला खिळलेल्या बाबांनी विचारलं, "काय मोडलं गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

झाडाच्या जखमेला दालचिनीची पूड लावली. खालच्या पेरातून नवा फुटवा येईल, झाडाची काळजी नाही. मोडलेला दांडा पाण्याच्या पेल्यात घालून बाबांच्या उशाशी ठेवला आणि सांगितलं, "तुम्हाला जवळून दिसावा म्हणून कापला."

तेव्हापासून दोन-तीन दिवसांनी एकेक कळी उमलते आहे. येणारेजाणारे कौतुक करतात. पण प्रत्येक फूल आधीच्यापेक्षा लहान आहे, फिकं आहे. उमलणं इतकं भीतिदायक असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आज मी पाणी बदलत असताना बाबा म्हणाले, "आपण मोडलोय, हे कळीला लगेच कळत नाही."

मी पेला पुसत राहिले.

"परवा डॉक्टरांनी तुला बाहेर का बोलावलं होतं?"