आमळी ते खडोली, स्वतःच्या गाडीवर

रविवारी सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी दुर्गा एक पोळी ट्यूबलाइटसमोर धरून बघत होती. आधी एका बाजूने, मग उलटून. कडेला एक फिकट पट्टा होता. तिने ती पोळी बाजूच्या ताटात टाकली. त्या ताटात तशा बऱ्याच जमल्या होत्या.

"वं बाई, पोळी खावाले शे, तपासाले नही," पुतळाबाई शेगडीमागून म्हणाली.

"शेड वेगळा आहे, मावशी."

"पोटमा गयी का समदा शेड एकच."

सिल्वासातल्या आमळी भागात पुतळाबाईची मेस आहे. ती मूळची अमळनेरची. खानदेशातून आलेले, बायकापोरं गावी ठेवून इथल्या कारखान्यांत पाळ्या करणारे लोक हे तिचं गिऱ्हाईक. कारखान्यांना रविवार नसतो, म्हणून मेसलाही नसतो. दुर्गा इथे काही महिने पोळ्या लाटते आहे. त्याआधी सहा वर्षं ती मसाटच्या एका सूत कारखान्यात तपासनीस होती. प्रत्येक बॉबिनमधलं थोडं सूत घेऊन त्याचा मोज्यासारखा लांब नळा विणायचा, तो रंगवायचा, आणि दिव्याखाली धरून कुठला पट्टा बाकीच्यांपेक्षा किंचित फिका किंवा गडद दिसतो ते शोधायचं. वेगळी दिसेल ती बॉबिन सेकंड क्वालिटी.

"सहा वर्षांत एक बॉबिन निसटू दिली नाही," दुर्गा सांगते. "आणि साहेब रोज समोर उभे राहायचे, तो माणूस काही ओळखता आला नाही."

दुर्गा हे तिचं खरं नाव नाही. तिची तक्रार जिल्ह्याच्या समितीपुढे आहे, त्यामुळे तिचं, कारखान्याचं आणि साहेबांचं नाव छापता येत नाही. बदललेलं नाव तिनेच निवडलं. "प्रत्यक्षात जमलं नाही ते निदान नावात तरी असू दे," असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात काय जमलं नाही, ते ती न विचारता, रंगवून सांगते.

जनरल शिफ्ट साडेपाचला सुटायची आणि लगेच कंपनीची बस निघायची. सव्वापाचच्या सुमाराला साहेब, म्हणजे प्लांट मॅनेजर, बॉबिनचा एखादा लॉट दुर्गाच्या टेबलावर पाठवू लागले. "दुर्गा, एवढं परत बघ. पार्टीची तक्रार आहे." दुर्गा बघत बसायची. बस जायची. मग साहेब गाडीची किल्ली बोटावर फिरवत यायचे. "अरे, बस गेली? चल, मी आमळीवरूनच जातो."

सुरुवातीला दुर्गाला याचा अभिमानच वाटला. शेजारणींना दिसेल अशा ठिकाणी ती गाडीतून उतरायची. "लॉटमध्ये कधीच काही दोष सापडायचा नाही," ती म्हणते. "मला वाटायचं, साहेबांची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. त्यांना दिसतंय ते मला का दिसत नाही, म्हणून मी डोळे तपासून आले. चष्मा लागला नाही, तेव्हा वाईट वाटलं."

गाडीत आधी कामाच्या गप्पा व्हायच्या, मग समाधानच्या. समाधान हा दुर्गाचा नवरा, राखोलीच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. त्याची नाइट कुठल्या आठवड्यात आहे ते साहेब आठवणीने विचारायचे. गिअर बदलताना त्यांचा हात गिअरवरून घसरायचा. दुर्गा डब्याची पिशवी मध्ये ठेवू लागली. एका संध्याकाळी साहेबांनी ती पिशवी उचलून मागच्या सीटवर टाकली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी खानवेलला जाऊ. छान रिसॉर्ट आहे. समाधानची नाइटच आहे ना?"

असं काहीतरी होणार हे एव्हाना दुर्गाला कळलं होतं. तिने दोन-तीन कडक वाक्यं तयार ठेवली होती, आरशासमोर म्हणूनही बघितली होती. ऐन वेळी तोंडातून निघालं, "सर, मला गाडी लागते."

"मग हळू चालवतो," साहेब म्हणाले.

"म्हणजे बघा," दुर्गा म्हणते, "मी त्यांना फक्त स्पीडची अट घातली."

वाटेत समरवरणीला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा ती दार उघडून उतरली आणि बाहेर उभी राहून म्हणाली, "मी कुठेही येणार नाही. आणि उद्यापासून या गाडीतही बसणार नाही." मागून हॉर्न वाजत होते. साहेबांनी विचारलं, "काय?" मग तेच तिला ओरडून सांगावं लागलं. साहेबांखेरीज ते एका पाणीपुरीवाल्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं. तिथून ती घरापर्यंत चालत आली. डबा मागच्या सीटवरच राहिला.

समाधानने सगळं ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि तो साहेबांना जाब विचारायला निघाला. दुर्गाने त्याला दारात अडवलं. "याचं वजन पंचावन्न किलो, तेही जेवण झाल्यावर. एकाची नोकरी जायची ती दोघांची गेली असती."

दुसऱ्या दिवसापासून सव्वापाचचे लॉट बंद झाले. पार्टीची तक्रार एका रात्रीत मिटली. आठवड्याभरात दुर्गाचं टेबल दुसऱ्या मुलीला दिलं आणि तिला खोके चिकटवायला पाठवलं. ती कंत्राटदाराच्या हजेरीवर होती, त्यामुळे काढून टाकल्याचं पत्र वगैरे काही आलं नाही. एका सोमवारी गेटवरच्या मशीनने तिचा अंगठा घेतला नाही, एवढंच. लाल दिवा लागला. तिने अंगठा ओढणीला पुसून पुन्हा लावला. पुन्हा लाल. मग नळावर जाऊन साबणाने हात धुऊन आली. वॉचमन नथूभाई हे खुर्चीतून बघत होता.

"अंगूठो बराबर छे, बेन," तो शेवटी म्हणाला. "नाम नीकळी गयुं छे."

"साबण कंपनीचा होता," दुर्गा सांगते. "तेवढीच वसुली."

त्या कारखान्यात महिलांच्या तक्रार समितीचा फलक होता, समिती नव्हती. नावांसाठी सोडलेल्या जागा रिकाम्या होत्या. म्हणून दुर्गाने जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करायचं ठरवलं. पहिल्या खर्ड्यात दीड पान सुताच्या शेडवर गेलं होतं. अर्ज वाचून बघणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "ताई, सूत नंतर. साहेब आधी." अर्ज दाखल झाला आहे, सुनावणी व्हायची आहे. त्या निकालाने मसाटचं टेबल परत मिळेल असं दुर्गा धरून चाललेली नाही. तिला तिचं काम परत हवं आहे, दिव्याखालचं. पोळ्यांवर भागतं, पण पोळ्यांत तिला कुणी तपासनीस म्हणत नाही. पुतळाबाई तर नाहीच नाही. वेगळ्या काढलेल्या पोळ्या ती डबे भरताना पुन्हा मूळ चळतीत घालते.

खडोलीच्या एका कारखान्यात तपासनीसाची जागा निघाली, तेव्हा दुर्गा मुलाखतीला गेली. सुप्रिया नावाची, पुण्याकडची एचआर मॅनेजर समोर होती.

"मागची नोकरी का सोडली?"

"सोडली नाही. साहेबांच्या गाडीत बसायला नाही म्हटलं."

सुप्रियाने पेन खाली ठेवलं.

"आमची बस आमळीकडे येत नाही," मग सुप्रिया म्हणाली. "स्टाफमधले दोघे-तिघे सिल्वासाहून कारने येतात. एरवी मी त्यांना सांगितलं असतं."

"नको, मॅडम."

"हो, माझ्याही ते लक्षात आलं. मग येणार कशाने?"

"स्कूटीने."

"लायसन्स?"

दुर्गाने पर्समधून काढून समोर ठेवलं. लायसन्स अस्सल होतं. लग्नाआधी भाऊ एका एजंटाकडून काढून घेत होता, तेव्हा आणखी एक ओळखपत्र असावं म्हणून हिनेही फोटो दिला होता. गाडी चालवता येते का, हे सुप्रियाने विचारलं नाही. "आणि मी आपणहून सांगितलं नाही," दुर्गा म्हणते. "एक नोकरी तोंड उघडून घालवली होती. म्हटलं, दुसरी गप्प बसून मिळते का बघू."

मिळाली. पंधरा दिवसांनी, सोमवारी हजर व्हायचं. सकाळी आठला हजेरी. पहिल्या महिन्यात तीनदा उशीर झाला तर नाव कमी. शेअर रिक्षा राखोलीपर्यंत मिळते, पुढची भरली तरच निघते. समाधानची पाळी दर आठवड्याला बदलते. कुणाच्या गाडीत बसायचं नाही हे ठरलेलं. मध्ये उरलं ते एवढंच, की पंधरा दिवसांत स्कूटी चालवता यायला हवी.

स्कूटी पुतळाबाईकडे होती. डबे अडकवायला दोन्ही बाजूंनी आकडे लावलेली, सीटला कायमचा फोडणीचा वास. पुतळाबाई ती पन्नाशीत शिकली आणि गुडघे धरले तेव्हा तिने ती ताडपत्रीखाली लावून टाकली. दुर्गाला तिने ती हप्त्यांवर दिली आणि शिकवायचं कामही स्वतःकडेच घेतलं. दुपारी डब्यांचं आवरलं की दोघी मसाटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रिकाम्या प्लॉटवर जायच्या. चालवायला पुढे दुर्गा, मागे पुतळाबाई, आणि पुतळाबाईचा आवाज.

"ब्रेक दाब वं! देवले नंतर हाक मार!"

"दाबलाय, मावशी!"

"तो हॉर्न शे!"

पहिल्या आठवड्यात दुर्गा एका बाभळीत गेली, एका वाळूच्या ढिगात गेली, आणि एकदा थांबलेल्या स्कूटीवरून पडली. "चालत्या गाडीवरून कुणीही पडतं," ती म्हणते. दुसऱ्या आठवड्यात ती सरळ जाऊ लागली, हवं तिथे थांबू लागली, डावीकडे वळू लागली. उजवीकडे मात्र जमेना. उजवीकडे वळायचं तर मागून काय येतंय ते बघावं लागतं, आणि दुर्गाने मागे बघितलं की तिच्याबरोबर हँडलही वळतं. प्लॉटवर याने काही बिघडत नव्हतं. खडोलीला जायचं ते खानवेल रस्त्याने, आणि तिथे कंटेनर धावतात.

आमळी ते खडोली वाटेत दोन उजवी वळणं आहेत. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना एक, आणि राखोलीचा पूल ओलांडल्यावर खडोलीकडे वळताना दुसरं. या रविवारी सकाळचे डबे गेल्यावर दोघी रंगीत तालमीला निघाल्या. पहिल्या वळणावर रस्ता रिकामा मिळाला. दुसऱ्यावर मिळाला नाही. दुर्गा इंडिकेटर लावून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोरून ट्रक येत राहिले. मागचा रिक्षावाला ओरडला, "बेन, जवुं छे के रहेवुं छे?"

तेवढ्यात बाजूला एक कार थांबली. गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र घातलेला तरुण उतरला आणि म्हणाला, "मॅडम, मी काढून देतो पलीकडे. किल्ली द्या."

"नको," दुर्गा म्हणाली.

"भला मानूस शे, काढू दे ना," पुतळाबाई मागून कुजबुजली.

"भला असेल. उद्या साडेसातला तो इथे असणार आहे का?"

तरुण खांदे उडवून गेला. दुर्गाने गाडी बंद केली, पुतळाबाईला उतरवलं, स्वतः उतरली आणि एक हात ट्रकांपुढे धरून स्कूटी ढकलत रस्ता ओलांडला. मागून पुतळाबाई गुडघे धरून, दुर्गाच्या माहेरच्यांचा उद्धार करत आली. टपरीवरच्या एकाने विचारलं, "बिगड गई क्या?"

"नहीं," दुर्गाने सांगितलं. "पेट्रोल बचा रही हूँ."

पलीकडे गेल्यावर दोघी पुन्हा स्कूटीवर बसल्या. खडोलीच्या गेटवर पोचायला तासाला पाच मिनिटं कमी लागली. वॉचमन म्हणाला, "आज ऑफिस बंद आहे."

"ऑफिस नको. उद्या गाडी कुठे लावायची ते सांगा."

"हे काय, गेटमधून आत शिरलं की लगेच उजवीकडे."

आधी पुतळाबाई हसायला लागली. तिला हसताना बघून वॉचमनही हसला. कशाला ते त्याला कळलं नव्हतं. दुर्गा उतरली, स्कूटी ढकलत पार्किंगपर्यंत नेली, एका पत्र्याखाली लावून बघितली आणि तशीच ढकलत परत आणली. परतीच्या वाटेवर दोन्ही वळणं डावी होती. ती तिने बसूनच घेतली.

उद्या सोमवार. खडोलीची हजेरी आठला लागते. दोन्ही वळणं आणि पार्किंग पायीच धरून दुर्गा आमळीहून सहा पन्नासला निघणार आहे.