शैलामावशींचं ‘चाललंय आपलं’

डोक्यावर नाताळच्या क्रॅकरमधून, त्या कागदी पुडक्यातून, निघालेला लाल कागदी मुकुट, समोर दालचिनी-लवंग घातलेली गरम वाइन, आणि फोनवरचा सूर असा, की ऐकणाऱ्याला वाटावं या बाईला कुणी बर्फात उभं केलंय. "चाललंय आपलं. कसला नाताळ न् कसलं काय, थंडीने जीव नकोसा झालाय बघ." एवढं बोलून फोन ठेवला आणि शैलामावशींनी ताटलीतली मनुका भरलेली दुसरी गोड पेस्ट्री, मिन्स पाय, उचलली. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं.

इंग्लंडात लीड्सला नोकरीसाठी नवीन आले तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला लागले. मावशी तिथल्या एका हॉस्पिटलात भूल द्यायच्या, आता निवृत्त. नवरा गेलेला, मुलगा साउथहॅम्प्टनला. पण इतकी हौशी बाई मी दुसरी पाहिली नाही. नोव्हेंबर संपायच्या आत नाताळचं झाड खिडकीत हजर. सकाळी गवत पांढरं झालेलं दिसलं की बूट चढवून त्यावरून कर्रकर्र चालून यायच्या आणि मला उठवायच्या, झोपा काढायला इथवर आलीस का म्हणून. शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यांना कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणायला घरी बोलवायच्या आणि दिवाळीच्या उरलेल्या चकल्या त्यांच्यात बिनदिक्कत खपवायच्या.

सांगलीला आईशी बोलताना मात्र कॅमेरा कधी चालू करायच्या नाहीत. नेट धड नाही म्हणायच्या. धादांत खोटं! मी एकदा त्यावरून छेडलंच, तर म्हणाल्या, "आई तिथे एकटी भात कालवून खाते. मी इथे मजा मारतेय, हे कुठल्या तोंडाने सांगू गं?" तसं ‘चाललंय आपलं’ आपण सगळेच म्हणतो. छान चाललंय म्हणायला आपली जीभ रेटत नाही, मिरवल्यासारखं वाटतं. पण मावशींच्या मनात खरंच अपराधीपणा होता. आनंद करायच्या आणि मग काहीतरी चोरल्यासारखं तोंड करून फोन लावायच्या.

आईंचा त्या रडगाण्यावर पुरता विश्वास. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर स्वेटर, कानटोप्या, डिंकाचे लाडू येत राहायचे. लाडू खाताना मावशींचे डोळे भरून यायचे, आणि पुढच्या फोनवर पुन्हा तेच.

मागच्या हिवाळ्यात आई गेल्या. कित्येक दिवस अंथरुणाला खिळून होत्या आणि मावशींना पत्ताच नाही. सांगलीची शेजारीण कळवते म्हणाली, तर आईंनी तिला बजावलं होतं, पोर तिथे थंडीत हाल काढतेय, तिच्या जिवाला आणखी घोर नको. मावशी पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आल्यावर कोट न काढताच सोफ्यावर बसल्या. "शेवटच्या फोनवर तीही ‘चाललंय आपलं’ म्हणाली. मीच शिकवलं तिला खोटं बोलायला."

या डिसेंबरात झाड लागणार नाही, असं मी धरूनच चालले होते. पण लागलं. शेजारीही आले. गाणी ऐन रंगात आलेली, तेवढ्यात नाशिकहून माझ्या आईचा फोन. मी कोपऱ्यात सरकून सवयीने सांगून टाकलं, काही नाही गं, चाललंय आपलं, नुसता अंधार आणि थंडी. मावशींनी मागून येऊन फोन हातातून काढूनच घेतला आणि स्पीकरवर टाकला. मला रागच आला त्यांचा.

"ताई, मी शैला. तुमची लेक मजेत आहे. घर माणसांनी भरलंय, आत्ता गाणी म्हणत होती. सुखात आहे पोर. आता तुमचं खरं सांगा."



"बरं झालं सांगितलंत," आई म्हणाली. "परवा बाथरूममध्ये पडले मी. हात प्लास्टरमध्ये आहे. ती आधीच तिथे बेजार, म्हणून बोलले नव्हते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींनी फोन माझ्या हातात दिला. फार दुखतंय का गं, एवढंच विचारलं, आणि आई पहिल्यांदाच हो म्हणाली.